थंडीसाठी मसालेदार, गोडाच्या चवीची बिअर घरी बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दालचिनी, आलं, व्हॅनिला, चॉकलेट अशा चवींची दाट हिवाळी बिअर घरी बनवणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळी प्रमाणं २० लिटरच्या बॅचची आहेत आणि तापमान सेल्सिअसमध्ये आहे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मसाला घातला की ती बिअर उरते का? हे नवीन फॅड आहे ना?

फॅड अजिबात नाही. हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं) सर्वत्र रुजण्याआधी युरोपात कित्येक शतकं ग्रुट नावाच्या वनस्पतींच्या मिश्रणाने बिअरला चव दिली जायची. पाणी, जव आणि हॉप्स यांखेरीज काही घालायचं नाही हा बव्हेरियाचा नियम १५१६ सालचा, म्हणजे त्यामानाने अलीकडचा. आज स्पर्धांसाठी वापरल्या जाणाऱ्या बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेच्या २०२१ च्या शैलीसूचीत हिवाळी मसालेदार बिअरला ‘३०सी’ हा स्वतंत्र प्रकार आहे. त्यातली मुख्य अपेक्षा मात्र आधी बिअर लागावी आणि मसाला तिच्यात मिसळलेला असावा, ही आहे. खालची बहुतेक उत्तरं शेवटी याच मुद्द्यावर येतात.

२. मी अजून एकही बॅच लावलेली नाही. सुरुवात हिच्यापासूनच करू का?

आधी एखादी साधी, ५ टक्क्यांच्या आसपासची बिअर करा. या बिअरमध्ये साखर जास्त, यीस्टवर ताण जास्त आणि वर मसाला, त्यामुळे काही बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळत नाही. स्वच्छता, तापमान आणि हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारं उपकरण) हाताखालून गेले की मग हिला हात घाला. घरी मद्य बनवण्याचे कायदे आणि वयाची अट देशोदेशी, काही ठिकाणी राज्याराज्यांतही वेगळी असते. सामान घेण्यापूर्वी ते तपासा.

३. पाया म्हणून कोणती बिअर घ्यावी? एक भरवशाची रेसिपी द्या.

गोडाच्या पदार्थाची आठवण मसाल्याआधी मॉल्टने (मोड आणून वाळवलेल्या धान्याने) करून द्यायला हवी. भाजलेल्या ब्रेडची, कॅरॅमलची, बेदाण्याची, कोकोची चव मॉल्टमध्ये असतेच. फिकट, कोरड्या बिअरमध्ये दालचिनी घातली तर नुसतं दालचिनीचं पाणी लागतं.

५ किलो पेल मॉल्ट, १ किलो म्युनिक मॉल्ट, ४०० ग्रॅम मध्यम रंगाचं क्रिस्टल मॉल्ट (रंगाच्या मापात ६० लोविबाँडच्या आसपासचं), २५० ग्रॅम चॉकलेट मॉल्ट आणि ५०० ग्रॅम चपटे ओट्स घ्या. हे सगळं सुमारे २१ लिटर पाण्यात ६८ अंशांवर तासभर मॅश करा, म्हणजे धान्यातल्या स्टार्चची साखर होईपर्यंत मुरत ठेवा. तापमान दोनतीन अंश खाली गेलं तर आंबणाऱ्या साखरा जास्त तयार होतात आणि बिअर कोरडी पडते. इथे अंगात भरलेली बिअर हवी आहे, म्हणून ६८. गाळून निघालेलं गोड पाणी, म्हणजे वॉर्ट, उकळायचं. उकळीच्या शेवटी २०० ग्रॅम ब्राउन शुगर घाला. मॅशची ७० टक्के कार्यक्षमता धरली तर सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) १.०७५ च्या आसपास येईल. शेवटची १.०२० ला थांबली तर मद्यार्क सुमारे ७.२ टक्के भरतो (दोन्हींतला फरक गुणिले १३१.२५).

हॉप्स फक्त कडवटपणापुरते: १२ टक्के अल्फा आम्लाचे २२ ते २५ ग्रॅम, पूर्ण ६० मिनिटं उकळून. त्यातून साधारण २५ आयबीयू (कडवटपणाचं माप) मिळतात. शेवटी टाकायचे सुगंधी हॉप्स इथे नकोत. लिंबूवर्गीय किंवा पाइनसारखा वास लवंग-जायफळाशी भांडतो.

यीस्ट शांत स्वभावाचं निवडा. यूएस-०५ किंवा एस-०४ दोन्ही चालतात. एवढ्या ग्रॅव्हिटीला ११.५ ग्रॅमचं एक पाकीट अपुरं पडतं, दोन घाला आणि घालण्याआधी थंड झालेलं वॉर्ट चांगलं घुसळून त्यात हवा मिसळा. तापमान १८ ते २० अंश.

४. माझ्याकडे मॅशचं सामान नाही. तयार एक्स्ट्रॅक्ट (मॉल्टचा आटवलेला अर्क) वापरून जमेल?

छान जमेल. पेल आणि म्युनिकऐवजी साडेतीन किलो फिकट रंगाची सुकी एक्स्ट्रॅक्ट पावडर घ्या. क्रिस्टल आणि चॉकलेट मॉल्ट जाळीच्या पिशवीत बांधून ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास भिजवा, पिशवी काढा, मग एक्स्ट्रॅक्ट मिसळा. ओट्स मात्र वगळा. त्यांच्यातल्या स्टार्चची साखर करायला मॅशमधली एन्झाइम लागतात, नुसते भिजवले तर बिअर गढूळ होण्यापलीकडे काही मिळत नाही. ओट्सचा दाटपणा हवाच असेल तर माल्टोडेक्स्ट्रिन (सहसा न आंबणारी, दाटपणा देणारी पूड) २०० ग्रॅमपर्यंत घाला.

५. कोणता मसाला किती घालायचा?

पहिल्या बॅचसाठी: दालचिनी ६ ग्रॅम, अख्ख्या लवंगा ३, जायफळ पाव (ताजं किसून), वेलदोडे ५ किंवा ६ (ठेचून), आलं १५ ते २० ग्रॅम. व्हॅनिला हवी असेल तर २ शेंगा, उभ्या चिरून आतला गर खरवडून. संत्र्याची साल घ्यायची तर फक्त केशरी भाग. पांढरा भाग कडू असतो.

सगळे मसाले एका बॅचमध्ये घालू नका. एक मुख्य, दोन मदतनीस, बस. लवंगेबाबत तर मी फार कडक आहे. तिच्यातलं युजेनॉल जीभ किंचित बधिर करतं, त्यामुळे चौथी-पाचवी लवंग बाकी सगळ्या चवी पुसून टाकते.

दालचिनी कोणती, यानेही फरक पडतो. जाड सालीची, एकाच वळीची कॅसिया तिखट आणि ठसठशीत असते. पातळ पापुद्र्यांची सिलोन दालचिनी सौम्य आणि जरा फुलांसारख्या वासाची. चॉकलेटसोबत कॅसिया, व्हॅनिलासोबत सिलोन ही माझी निवड.

६. मसाला उकळताना टाकू की नंतर? पूड चालते का?

मसाल्यांचा वास उडून जाणाऱ्या तेलांत असतो. तासभर उकळला तर वास वाफेसोबत जातो आणि सालीचा तुरटपणा मागे राहतो. उकळीतच घालायचा असेल तर शेवटची पाच मिनिटं किंवा आच बंद केल्यावर. त्यातलाही काही वास पुढे आंबताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडसोबत निघून जातो. म्हणून आंबणं संपल्यावर मसाला देणं जास्त भरवशाचं आहे. ती पद्धत प्रश्न ७ मध्ये आहे.

तयार पूड टाळा. ती किती जुनी आहे ते कळत नाही, पटकन जास्त उतरते आणि तळाशी चिखल करून बसते. अख्खा मसाला जरासा ठेचून वापरा.

७. व्होडकात मसाला भिजवून घालतात म्हणे. नेमकं कसं करायचं?

या बिअरसाठी मला हीच पद्धत सर्वांत पसंत आहे, कारण अंदाज बांधण्याऐवजी चव घेऊन ठरवता येतं.

प्रत्येक मसाल्यासाठी झाकणाची वेगळी छोटी बाटली घ्या. मसाला ठेचून टाका आणि बुडेल इतकी ४० टक्क्यांची साधी व्होडका ओता. दालचिनी आणि लवंग तीनचार दिवसांत उतरतात, व्हॅनिलाला आठवडा द्या. रोज एकदा हलवा. मग कॉफीच्या फिल्टरमधून गाळून घ्या. दालचिनीचा अर्क लालसर तपकिरी दिसतो आणि फिल्टरवर थोडा बुळबुळीत गाळ राहतो. तो सालीचाच असतो, फेकून द्या.

आता आंबणं पूर्ण झालेली बिअर काढून चार ग्लासांत प्रत्येकी १०० मिलीलिटर मोजा. एक ग्लास कोरा ठेवा. बाकीच्यांत सुईविना सिरिंजने एकाच अर्काचे ०.१, ०.२ आणि ०.४ मिली घाला. ढवळून आधी वास घ्या, मग घोट, प्रत्येक वेळी मध्ये कोऱ्या ग्लासाकडे परत या. ०.१ म्हणजे पूर्ण बॅचला २० मिली, ०.२ म्हणजे ४० आणि ०.४ म्हणजे ८०. एकेक अर्क ठरला की सगळे एकत्र घालून पुन्हा चाखा, कारण मिश्रणात मसाले एकमेकांना उचलतात. लवंगेची पाळी शेवटची, नाहीतर पुढचं काही लागणार नाही.

दोन प्रमाणांत अडलात तर कमी असलेलं घ्या. तुम्ही चाखताय ती बिअर सपाट आहे. बुडबुडे आले की ते वास वर आणतात. शिवाय अर्क नंतर वाढवता येतो, काढता येत नाही. व्होडकाने बिअर कडक होण्याची भीती नको: ८० मिलीने २० लिटरमध्ये जेमतेम ०.१६ टक्के भर पडते.

८. जिंजरब्रेडची चव आणायची आहे. ताजं आलं घातलं तर नुसतं झणझणीत लागलं.

सुंठ वापरा. ताज्या आल्यातलं जिंजेरॉल हिरवट आणि झणझणीत लागतं. वाळवल्यावर त्याचं शोगाओल होतं, ते तिखट पण उबदार असतं. शिजवल्यावर त्याचं झिंजेरोन होतं, ते बरंच मवाळ आणि गोडसर वासाचं. भट्टीतल्या पदार्थाची ओळख या शेवटच्या दोघांत आहे. ५ ग्रॅम सुंठ ठेचून शेवटची दहा मिनिटं उकळा, वर दालचिनीचा अर्क द्या. २०० ग्रॅम ब्राउन शुगरमधली ५० ग्रॅम काढून तेवढी काकवी घाला. त्याहून जास्त काकवी लोखंडी, औषधी चव देते.

९. लॅक्टोज घालायलाच हवं का?

नाही. लॅक्टोज ही दुधातली साखर बिअरच्या नेहमीच्या यीस्टला पचत नाही, म्हणून ती उरते आणि बिअर दाट, किंचित गोड लागते. ती साध्या साखरेच्या मानाने बरीच कमी गोड असल्याने दाटपणा जास्त आणि गोडवा थोडा मिळतो. २५० ते ४०० ग्रॅम पुरे, शेवटची दहा मिनिटं उकळून. ४०० ग्रॅमने ग्रॅव्हिटी साधारण ०.००७ ने वर जाते आणि ती शेवटपर्यंत तशीच राहते, म्हणून १.०२७ ला थांबलेली बिअर अडकली आहे असं समजून घाबरू नका.

ज्यांना दूध पचत नाही त्यांना ही बिअर त्रास देऊ शकते, आणि ती व्हीगनही नाही. बाटलीवर तसं लिहा आणि पाजण्याआधी तोंडाने सांगा. लॅक्टोजशिवाय तेच हवं असेल तर मॅश ६९ अंशांवर करा, ओट्स दुप्पट करा आणि व्हॅनिला घाला. व्हॅनिला आणि दालचिनीमुळे जिभेला नसलेला गोडवा जाणवतो.

१०. केक, बिस्किटं, चॉकलेट सरळ फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या भांड्यात) टाकलं तर?

टाकू नका. लोणी, तेल आणि अंडं यांतलं स्निग्ध बिअरचा फेस मारतं आणि काही आठवड्यांत खवट होतं. मॅशमध्ये केक घालणारे ब्रुअर आहेत. तिथे पिठाची साखर होते आणि बरंचसं स्निग्ध चोथ्यात अडकतं, पण केकची चव बिअरपर्यंत क्वचितच पोचते. चव हवी तर त्या पदार्थातले घटक वेगळे करा आणि एकेक घाला.

चॉकलेटसाठी भाजलेले कोको निब्स (कोकोच्या बियांचे तुकडे) १०० ते १५० ग्रॅम, आंबणं संपल्यावर पाच ते सात दिवस. निब्समध्ये निम्म्याच्या आसपास स्निग्ध असतं. फेस जपायचा असेल तर निब्स व्होडकात आठवडाभर ठेवा, गाळून अर्क रात्रभर फ्रीझरमध्ये उभा ठेवा. वर स्निग्धाची फिकट चकती गोठते, ती चमच्याने उचलून टाका. व्होडका स्वतः गोठत नाही. सुक्या मेव्याचंही तेच, शिवाय त्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना आधी सांगायला हवं.

११. बाटलीत भरताना मध किंवा कॅरॅमल सिरप घालून गोड करू का?

कृपया करू नका. यीस्ट अजून जिवंत आहे, ते ही साखर बाटलीत खाईल, गोडवा जाईल आणि दाब इतका वाढेल की काच फुटेल. फुटलेल्या बाटलीच्या काचा खोलीभर उडतात आणि डोळे जाऊ शकतात. याच कारणाने आधी उकळीत घातलेल्या मधाने किंवा साखरेनेही बिअर गोड होत नाही, उलट कोरडी आणि कडक होते. गोडवा प्रश्न ३ आणि ९ मधल्या मार्गांनी आणा. सिरप घालायचंच असेल तर ते प्यायच्या ग्लासात घाला.

१२. बाटलीत भरायला साखर किती?

ही मोजकी साखर यीस्टने बाटलीत खाऊन बुडबुडे करावेत म्हणून असते, गोडव्यासाठी नाही. अशा बिअरला बुडबुडे मध्यम हवेत, सुमारे २.२ व्हॉल्यूम (बिअरमध्ये विरलेल्या कार्बन डायऑक्साइडचं माप). २० अंशांना आंबलेल्या २० लिटर बिअरसाठी साधारण १०५ ग्रॅम साधी साखर, थोड्या पाण्यात उकळून, थंड करून. त्याआधी हायड्रोमीटर तीन दिवस एकच आकडा दाखवतोय याची खात्री करा. एअरलॉक (फर्मेंटरवरची वायू बाहेर सोडणारी झडप) शांत झाला हा पुरावा नाही.

१३. बाहेर कडाक्याची थंडी आहे. बिअर आंबायची थांबली, बाटल्यांतही बुडबुडे येत नाहीत.

यीस्ट सुस्तावलं आहे. १५-१६ अंशांखाली ही यीस्टं तळाशी बसू लागतात. फर्मेंटर घराच्या आतल्या भागात आणा, हीट बेल्ट लावा, हलक्या हाताने फिरवून गाळ उठवा आणि १९-२० अंशांवर आठवडाभर थांबा. झाकण उघडून ढवळू नका, हवा लागली की बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. बाटल्यांनाही तीन आठवडे २० अंशांच्या आसपास लागतात. उब मिळूनही आकडा हलत नसेल तर प्रश्न ९ मधलं लॅक्टोजचं गणित आठवा, कदाचित बिअरचं आंबणं संपलेलंच असेल.

१४. मसाला फार झाला. काही उपाय?

घातलेला मसाला गाळून निघत नाही. वेळ हा अर्धा उपाय आहे: आल्याचा झणका आणि दालचिनी काही आठवड्यांत बसतात, लवंग मात्र चिवट, ती महिनोन्‌महिने टिकते. खरा उपाय म्हणजे तीच पायाची बिअर बिनमसाल्याची लावून मिसळणं. दोन्हींचं आंबणं पूर्ण झालेलं असलं पाहिजे, आणि प्रमाण प्रश्न ७ च्या पद्धतीने आधी ग्लासात ठरवा.

१५. मी लवंग घातलीच नाही, तरी बिअरला लवंगेचा वास येतोय!

काही यीस्ट मॉल्टमधल्या फेरुलिक आम्लाचं ४-व्हिनाइलग्वायाकोल बनवतात, आणि त्याचा वास लवंगेसारखाच असतो. जर्मन गव्हाच्या बिअरची आणि बरीचशी बेल्जियन यीस्टं हे करतात. तसं यीस्ट घेतलं असेल तर हा दोष नव्हे, फक्त लवंग वगळा.

यूएस-०५ किंवा एस-०४ घेऊनही वास आला तर रानटी यीस्ट शिरल्याची शंका घ्या. त्यांतलं डायस्टॅटिकस नावाचं यीस्ट एरवी न आंबणारे डेक्स्ट्रिनही खातं, त्यामुळे ग्रॅव्हिटी अपेक्षेपेक्षा खाली जात राहते आणि बाटल्यांत दाब चढतो. असं दिसलं तर बाटल्या लगेच थंड करा आणि जाड कापडाखाली धरून एकेक उघडा. वास लवंगेपेक्षा औषधी पट्टीसारखा असेल तर कारण पाण्यातलं क्लोरीन. ते फिनॉलशी जुळून क्लोरोफिनॉल बनतं. पुढच्या वेळी पाण्यात मॅशआधी कॅम्पडेनची (क्लोरीन घालवणाऱ्या सल्फाइटची) पाव गोळी विरघळवा.

१६. मसाल्यातून जंतू जाऊन बिअर खराब होत नाही का?

फारसा धोका नाही. मसाल्यांवर जंतूंचे बीजाणू असतात आणि व्होडका त्यांना मारत नाही, पण ४.५ च्या खालचा पीएच, मद्यार्क आणि हॉप्स असलेल्या बिअरमध्ये ते वाढत नाहीत. बिअर आंबट करणारे जंतू आणि रानटी यीस्ट यांना मात्र व्होडका आवरते. अस्वच्छ नळी आणि न धुतलेली तोटी हे खरे शत्रू.

१७. कोणत्या गोष्टी मुळीच घालू नयेत?

सुगंधी तेलाचे थेंब नकोत. ते बिअरमध्ये विरघळत नाहीत आणि त्यांचं प्रमाण साधणं कठीण. जायफळ पाव म्हणजे पावच, कारण मोठ्या मात्रेत ते खरोखर विषारी असतं. चक्रीफूल खाण्याचंच आहे याची खात्री असलेल्या ठिकाणाहून घ्या, दिसायला सारखं असणारं जपानी चक्रीफूल विषारी आहे. व्हॅनिला-बदामाच्या वासामुळे टोंका बीन अनेकांना मोहात पाडतं. त्यात कूमरिन (यकृताला अपाय करू शकणारं द्रव्य) भरपूर असल्याने अमेरिकेत ते खाद्यपदार्थांत घालायला १९५४ पासून बंदी आहे. मी ते वापरत नाही.

१८. किती आधी लावावी, आणि किती दिवस मुरवावी?

प्यायच्या तारखेच्या दहा आठवडे आधी लावा: दोन ते तीन आठवडे आंबणं, एक आठवडा अर्क आणि चाखणं, तीन आठवडे बाटलीत, उरलेले मुरायला. ७ टक्क्यांची आहे म्हणून वर्षानुवर्षं ठेवावी असं नाही. मॉल्ट सुधारत असतं तेव्हाच व्हॅनिला आणि दालचिनी विरत असतात. सहा महिन्यांच्या आत संपवा. पुढच्या थंडीसाठी ठेवायचीच असेल तर अर्क तेव्हा ग्लासात घाला.

१९. गरम करून प्यायली तर चालेल?

चालेल, पण उकळू नका. मंद आचेवर ६० अंशांपर्यंत न्या. बुडबुडे जातात, कडवटपणा वर येतो, म्हणून थोडी ब्राउन शुगर लागेल. इथे गोड करायला हरकत नाही, लगेच प्यायची आहे. पातेलं मोठं घ्या, फेस भसकन वर येतो. गार प्यायची तर १० ते १३ अंशांवर. फ्रिजमधून काढल्याबरोबर ओतली तर मसाला जवळजवळ लागतच नाही.

२०. स्पर्धेला पाठवताना सगळे मसाले लिहायचे का?

बीजेसीपीच्या ३०सी मध्ये मसाले, विशेष साखरा, फळं हे सांगावं लागतं. ठरलेलं, सर्वांना ठाऊक असलेलं मिश्रण असेल तर प्रत्येक मसाला वेगळा लिहिण्याची गरज नाही. परीक्षक लिहिलेली प्रत्येक गोष्ट ग्लासात शोधतात. वेलची घातली पण लागत नसेल तर ‘जिंजरब्रेडचे मसाले’ एवढंच लिहा. लॅक्टोज, सुका मेवा असे त्रास देऊ शकणारे पदार्थ मात्र लागत असोत वा नसोत, न चुकता लिहा.